टीव्हीकडे पाठ करून बसणारे सुखदेवकाका

राळेगावात आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो सुखदेवकाकांकडे. रविवारी सकाळी आम्ही गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत जमायचो. काका दारात उभे राहून एकेकाला आत सोडत. आम्ही आधी हात दाखवायचे, मग खिसे उलटे करायचे. बाहेर काढलेल्या चपला मोजून ते मनातल्या मनात आकडा धरायचे आणि मगच आत येऊन बसायचे. बसायचे कुठे, तर टीव्हीच्या अगदी खाली, पाटावर, टीव्हीकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून.

मी तेव्हा पाचवीत होते. एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही काहून नाही पाहत?"

"थो डब्यात बंद आहे. कुठं जाते थो?" काका म्हणाले. "तुमचं सांगता येत नाही."

आमच्यापैकी कोणीतरी उठून बटण फिरवेल, कोणी काचेला बोट लावेल, कोणी ॲंटेनाची पट्टी ओढेल, असा त्यांना पक्का संशय होता. त्यामुळे पडद्यावर राक्षस मरो की राजकन्या पळो, काकांनी ते कधी पाहिलं नाही. त्यांना सगळं आमच्या तोंडावरून कळायचं. आम्ही डोळे मोठे केले की ते म्हणायचे, "आला वाटते तुमचा थो शिंगवाला." आम्ही हसलो की त्यांच्या मिशीचं एक टोक जरा वर जायचं. मधे जाहिरात लागली की मात्र ते कान टवकारायचे. पाठमोरेच ऐकत आणि म्हणत, "खोटं बोलून राह्यला हा. ज्याले माल खपवाचा असते थो हासत बोलते."

काका कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारे, होते. संशय घेणं हीच त्यांची नोकरी होती. हंगामात केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग लागायची. काका प्रत्येक बंडीवर चढून कापसात खांद्यापर्यंत हात घालायचे. वरचा पांढराशुभ्र कापूस ते पाहतसुद्धा नसत. तळातला मूठभर काढून चिमटीत धागा ओढायचे, लांबी पाहायचे, मग सरकी दाताखाली धरायचे. कट् वाजली तर माल कोरडा. नुसती दबली तर काका शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. त्या बघण्याला लोक भ्यायचे.

घरी आल्यावरही त्यांचा हात तोच असायचा. माझ्या मामाने मला नागपूरहून सोनेरी केसांची बाहुली आणली होती. मी ती मोठ्या दिमाखात काकांना दाखवायला नेली. त्यांनी तिचे केस चिमटीत धरले, ओढले, उजेडात धरले. "नायलॉन," ते म्हणाले. "दोन महिन्यांत टक्कल पडते." मी रडत घरी आले. पण बाहुलीला दोन महिनेही लागले नाहीत.

किल्ली दिली की ढोल वाजवणारं एक पत्र्याचं माकड होतं गल्लीत, शेजारच्या गजूचं. आत नक्की काय आहे ते पाहिल्याशिवाय काकांना चैन पडेना. त्यांनी पेचकस आणला, माकडाची पाठ उघडली, सगळं नीट पाहिलं आणि परत बंद केलं. एक स्क्रू उरला. त्या दिवसापासून माकड एकाच हाताने ढोल वाजवायला लागलं. गजूने भोकाड पसरलं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "दुसरा हात उगाच हालवून राह्यलं होतं थे." पुढच्या बाजारात मात्र त्यांनी गजूला नवी भिंगरी आणून दिली. ती देण्याआधी तिचा खिळा दोनदा तपासला.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू फार शांत. काका संशय घेत आणि काकू त्यावर पांघरूण घालत, असा तो संसार होता. टीव्ही बंद झाला की काका त्यावर जाड चादर टाकायचे, कारण आपण त्याला पाहतो तसा तोही आपल्याला पाहत असेल, निदान तसं नाही हे कोणी सिद्ध केलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काकू हसून म्हणायच्या, "पाहू द्या न मंग. आपल्या घरी पाह्यासारखं आहे तरी काय?"

एका हंगामात माझ्या बाबांची बंडी काकांच्या पुढे आली. शेजारी म्हणून बाबा निवांत होते. काकांनी हात घातला, मूठ काढली, सरकी चावली.

"वला आहे, महादेव."

"दव पडलं होतं, भाऊ," बाबा म्हणाले.

"दव वरून पडते. हा मधातून वला आहे."

सगळ्या रांगेसमोर बाबांच्या कापसाची प्रत खाली गेली. बाबा घरी आले ते धुमसतच. "आजपासून त्याच्या घरी टीव्ही पाहाले कोनी जाचं नाही," त्यांनी सांगून टाकलं. त्या रविवारी मी आमच्या ओसरीवर बसून भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहिले. पुढच्या रविवारी काका स्वतः आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. "जयभीम, महादेव. तुह्या कापसाची प्रत खाली गेली. पोट्टीची नाही गेली. पाठव तिले."

मी पळाले तेव्हा बाबांनी मागून हाक मारली नाही. त्या कापसावर पाणी बाबांनीच शिंपडलं होतं, हे आईने मला फार उशिरा सांगितलं.

तर असा हा माणूस. गल्लीत सगळे त्यांना हसत, त्यांच्या नकला करत. संशयाने कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं, म्हणून ते हसणं सोपं होतं. मग शकीलचं प्रकरण झालं.

शकील बाजाराजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायचा. वीस-बावीस वर्षांचा, हाताने हुशार पोरगा. काकांच्या टीव्हीचं चित्र एकदा वरून खाली पळायला लागलं. काकांनी खूप टाळलं, पण आमची तोंडं बघून शेवटी टीव्ही शकीलकडे दिला. देण्याआधी त्यांनी मागचं झाकण उघडून आतल्या प्रत्येक मोठ्या वस्तूवर सुईने 'सु' कोरला होता. तीन दिवसांनी टीव्ही आला. चित्र थांबलं होतं, पण आवाजात जरा खरखर होती. काकांनी लगेच झाकण काढलं. एका ट्रान्सफॉर्मरवर 'सु' नव्हता.

काका भर गल्लीत आले. टीव्ही पोचवून निघालेला शकील अजून सायकलचं कुलूप काढत होता. "माह्या टीव्हीतला माल काढला यानं," काका ओरडले. "चांगला काढून भंगार टाकलं."

"काका, खुदा की कसम, मैंने कुछ नहीं निकाला," शकील म्हणाला. "वही है. खोल के साफ किया बस."

"मंग माही खूण कुठं गेली?"

शकीलला खूण म्हणजे काय तेच कळेना. घराघरातून माणसं बाहेर आली. सुखदेवभाऊ सगळ्यांवर संशय घेतात हे माहीत असूनही, या वेळी लोकांनी तो खरा मानला. का मानला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. शकील मान खाली घालून सायकल ढकलत गेला. त्यानंतर आमच्या भागातला एकही रेडिओ त्याच्या दुकानात गेला नाही. बिघडलेले टीव्ही लोक एसटीच्या टपावर टाकून यवतमाळला न्यायला लागले.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा काकूंनी टीव्हीचं मागचं झाकण काढायला लावलं. आत धूळ फार होती. मी काकूंना मदत करायला गेले होते. काका बॅटरी घेऊन आत बघत होते. बघता बघता त्यांनी माझ्याकडे हात केला. "आरसा आन बरं. दाढीचा." मी आरसा दिला. त्यांनी तो ट्रान्सफॉर्मरच्या मागे तिरपा धरला आणि तसेच थांबले. त्यांच्या खांद्यावरून मला आरशात दिसलं. उलटा 'सु'. शकीलने साफ करून तो बसवताना बाजू फिरली होती, एवढंच. खूण डब्याच्या आतल्या बाजूला गेली होती.

काका खाली बसले. काकूंनी विचारलं, "काय झालं?" दुपारभर तो आरसा काकांच्या मांडीवर होता.

काका गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी बारकी होते, आणि काकू तर बोलणाऱ्या नव्हत्याच. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी घेताना मी पाहिलं, काका सायकलच्या कॅरियरला टीव्ही दोरीने बांधून चालत चालले होते. आई म्हणाली, "चाल, पाहू तं." आम्ही मागे मागे गेलो. शकीलच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी टीव्ही सोडून त्याच्यासमोर ठेवला, झाकण काढलं आणि आरसा धरला.

"हे पाह्य. माही खूण आहे. तुवा काही काढलं नव्हतं. माही चूक झाली, बाबू."

शकीलने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "काका, चोर तो आपने गली में बोला था. यहाँ अकेले में बोलके क्या फायदा?"

काकांनी मान हलवली. "बरोबर बोलला," ते म्हणाले. मग आमच्याकडे न बघता ते एकदम बोलायला लागले. "शाळेत कोनाची लेखनी हरवली का मास्तर पहिले माही पिशवी उलटी करे. दुसऱ्या कोनाची नाही, माहीच. निघे तं काहीच नाही. तरी पुढच्या वेळेस पहिले माहीच. तवा म्यां ठरवलं होतं का आपन असं होऊ, का आपल्या हातात दुसऱ्याची पिशवी राहीन." ते थांबले. "अन् राह्यली. तुही."

आईने माझा हात घट्ट धरला. टीव्ही पुन्हा बांधायला दोरीचं एक टोक शकीलने धरलं.

रविवारी सकाळी काकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. त्या दिवशी त्यांनी आमच्या आईबापांनाही बोलावलं होतं. शकील दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता. काकांनी टीव्ही लावला नाही. उभे राहिले आणि जे भर गल्लीत म्हटलं होतं ते खोटं होतं, असं सगळ्यांना सरळ सांगितलं. काही लोक खाली बघत राहिले. गजूचे बाबा हळूच म्हणाले, "जाऊ द्या न, भाऊ, झालं थे झालं." काका म्हणाले, "जाऊ कसं देता? तुम्ही बी मानलं होतं न?"

काही लोक शकीलकडे परत गेले, काही गेले नाहीत. दोनेक वर्षांनी तो पांढरकवड्याला गेला आणि पुढे कधीतरी हायवेवर त्याने मोबाइलचं दुकान टाकलं. चांगलं चाललं म्हणे. पण राळेगाव त्याने सोडलं ते आमच्यामुळेच, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर दिवस बदलले. सरकारी खरेदी कमी कमी होत गेली. केंद्र एखाद्या हंगामात उघडायचं, एखाद्या हंगामात नाही. व्यापाऱ्यांच्या गाड्या थेट शेतावर यायला लागल्या आणि कापसात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाची कोणाला गरज उरली नाही. काका घरी बसले. घरोघरी रंगीत टीव्ही आले, केबल आली. रविवारी त्यांच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या.

आणि मजा अशी, की आता सगळं गावच संशय घ्यायला लागलं. बियाण्याची पिशवी घेतली की लोक शिवण तपासायचे. फवारणीच्या औषधाचा वास घेऊन बघायचे. काट्यावर, भावावर, बातम्यांवर, वही घेऊन फिरणाऱ्या परक्या माणसावर, कशावरच विश्वास उरला नव्हता. रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून वाईट बातमी यायची. एखाद्याच्या घरी दार लवकर उघडलं नाही तरी शेजारी घाबरायचे. लोकांना कोणावर तरी राग काढायचा होता आणि समोर कोणी दिसत नव्हतं. त्यात पोरं पळवणारे फिरून राह्यले अशी अफवा उठली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आमची पिंकी सापडेना. पिंकी म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हा सहा वर्षांची. मी दहावीची परीक्षा देऊन घरीच होते. आईने सगळीकडे हाका मारल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मघाशी ती त्या खेळणीवाल्याजवळ उभी होती, त्याने तिला शिट्टी दिली.

खेळणीवाला एसटी स्टँडकडे निघाला होता. तेलंगणाकडचा म्हातारा माणूस, डोक्यावर टोपली. लोकांनी त्याला धरून गल्लीत आणलं. त्याला आमची भाषा नीट येत नव्हती. तो तोडक्या हिंदीत एकच सांगत होता, "बच्ची को दिया, बच्ची गई घर." त्याची टोपली खाली पडली, भिंगऱ्या आणि लाकडी बैल धुळीत पसरले. बाबांनी त्याची गचांडी धरली होती. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मागे कोणीतरी काठी आणली.

"सोड, महादेव."

सुखदेवकाका ओट्यावर येऊन उभे होते.

"भाऊ, माही पोट्टी गेली," बाबा म्हणाले.

"सोड. मी पाहतो याले. गावात माह्यापेक्षा जास्त संशय कोनाले येते? सांगा."

बाबांची पकड सुटली. काकांनी म्हाताऱ्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं, टोपली समोर घेतली आणि एकेक खेळणं उचलायला सुरुवात केली. वाकताना ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "पळ. ज्या ज्या घरात टीव्ही चालू आहे, त्या घरात पाह्य."

मी धावले. मागून त्यांचा आवाज येत होता, केंद्रावर असायचा तसा मोठा आणि सावकाश. "ही भिंगरी. बांबूची आहे. खिळा पक्का." लोक थांबून ऐकत होते, कारण इतकी वर्षं त्या आवाजात जे सांगितलं गेलं ते ऐकायची त्यांना सवय होती. "हा बैल. सागाचा तुकडा. रंग खायचा आहे, पोरायनं चाटला तरी चालते."

आमच्या गल्लीत सात घरांत टीव्ही चालू होते. मी प्रत्येक दारात डोकावले. कोणाच्याच घरी कोणाला माहीत नव्हतं, की आत आणखी कोण बसलंय. मग मागच्या गल्लीत गेले. तिथल्या शेवटच्या घरात घरची माणसं दुपारची झोपली होती, आणि पिंकी कार्टूनसमोर तोंड उघडं टाकून बसली होती. गळ्यात शिट्टी. मी तिला उचललं तर ती चिडली. "थांब न वं, संपाचंच आहे!"

मी तिला कडेवर घेऊन परत आले तेव्हा काका टोपलीतलं शेवटचं खेळणं हातात धरून होते. एक शिट्टी. त्यांनी ती वाजवली. पिंकीने आपली वाजवून उत्तर दिलं. आईने तिला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि रडतच दोन धपाटे घातले.

काठी आणणारा माणूस केव्हाच नाहीसा झाला होता. बाकीचेही एकेक मागे सरकू लागले.

"कोनी जाऊ नका," काका म्हणाले. "माल खरा आहे. हा मानूसबी खरा आहे. महादेव, बोल याच्याशी."

बाबा खाली बसले आणि धुळीत पडलेल्या भिंगऱ्या एकेक उचलून धोतराला पुसायला लागले. पुसून टोपलीत ठेवत होते. काकूंनी म्हाताऱ्यासाठी पाणी आणलं. तो प्याला नाही. काकू तांब्यातलं पाणी आधी स्वतः प्यायल्या, मग त्यांनी ते पुन्हा त्याच्यापुढे धरलं. तेव्हा प्याला.

काका त्याला घेऊन स्टँडवर गेले आणि पांढरकवड्याची गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. दोघांत काय बोलणं झालं कोणालाच माहीत नाही. बहुतेक काहीच झालं नसेल. तो माणूस पुन्हा आमच्या गावात आला नाही, आणि त्याच्यासारखा दुसराही कोणी बरीच वर्षं आला नाही.

मी पुढे नर्सिंग केलं, यवतमाळला नोकरीला लागले. काकू गेल्यावर काका लोहाऱ्याला मुलाकडे राहायला गेल्याचं कळलं. मुलगा तिथल्या कारखान्यात होता. एकदा मी दारव्ह्याला निघाले होते. स्टँडवर गाडीत बसले, खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी भरली आणि शेवटी काका चढले. वाळून गेले होते, पण मिशी तीच. मी मागे होते, मधे माणसांची दाटी. हाक मारली तरी पोचली नसती.

काकांना उभ्याने तोल सांभाळता येईना, म्हणून पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "बाबाजी, द्या पिशवी इकडे." मी श्वास रोखून बघत होते. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तेच केंद्रावरचं पाहणं. मग पिशवी दिली. तिने ती मांडीवर ठेवली. सगळ्या वाटेत काका खिडकीबाहेर बघत राहिले. एकदाही त्यांनी पिशवीकडे पाहिलं नाही.

लोहाऱ्याला ते उतरले. बाईने खिडकीतून पिशवी दिली. त्यांनी तिला हात जोडले आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले. दहा-बारा पावलं गेले. गाडी सुटायला लागली होती आणि मी खिडकीतून डोकं काढून हाक मारणार, तेवढ्यात काका थांबले. मागे वळून गाडीकडे एकदा पाहिलं, पिशवी रस्त्यावर टेकवली, तिचं तोंड उघडलं आणि आतली एकेक वस्तू बाहेर काढून तपासायला लागले.